वाळ्याची जुडी आणि हॉपचं फूल

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मेळाव्याच्या आधी आपल्या ग्रुपवर प्रत्येकाला विचारलं होतं, की तू कशावर बोलशील. कोणी कपाशीवरच्या बोंडअळीचा विषय घेतला, कोणी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा, कोणी निवृत्तीनंतरच्या पैशाचा. मी लिहिलं, "घरी केलेल्या बिअरमध्ये हॉपचा जास्तीचा सुगंध कसा आणतात." पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं, "काहून बे, तिकडं शिकाले गेल्ता का दारू गाळाले?" त्याच्याखाली तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलं ते इथे सरांसमोर वाचून दाखवत नाही.

दुसरं उत्तर आपल्याच एका वर्गमैत्रिणीचं होतं. ती आज शिक्षिका आहे. तिने लिहिलं, "आपल्या भागातल्या बाया आडव्या बाटलीसाठी मत टाकतात. तिथं तू बिअरवर काय सांगशील? आणि त्यात शाळेतल्या पोरांना दाखवता येईल असं काही आहे का?" पहिल्या उत्तरावर मी हसलो. दुसऱ्यावर मात्र दोन दिवस विचार केला. आज जे बोलणार आहे ते तिच्या या दोन प्रश्नांना धरून आहे.

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव, शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. १८७६ साली ते जन्मले. वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि आईला लहान डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला जावं लागलं. बाबांनी पुढे आयुष्यभर कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले, ते घरातल्या अनुभवातून. आपल्या बाजूच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे विदर्भात हा वाद अजून मिटलेला नाही. आणि आपल्या वर्गाच्या हजेरीपटातलं एक नाव आज ओ देणार नाही, त्याला कशाने नेलं हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं नाव घेत नाही. त्याच्या घरचे हे पुस्तक वाचतील.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, आणि त्यात घरची बिअरही येते. पुण्यात 'डूलॅली'ने २००९ साली छोटी ब्रूअरी सुरू केली, तेव्हापासून राज्यात अशा बऱ्याच निघाल्या, पण त्या सगळ्या परवान्यावर चालतात. मी ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ राहतो. अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बिअर राहून गेली. ती मुभा राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने १९७८ साली मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन. विकायची मात्र नाही. तेव्हा मी तिकडे गॅरेजमध्ये करतो ते कायद्याने चालतं, इथे चालत नाही. मी सांगतो ती कृती इथे करून पाहायची नाही. समजून घ्यायची. शाळेत करण्याजोगं जे आहे ते शेवटी सांगतो, त्यात दारूचा थेंब नाही.

आता हॉप म्हणजे काय ते पाहू.

हॉप ही वेल आहे. शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस. भांग ज्या कुळातली, त्याच कुळातली, पण भांगेची नशा तिच्यात नाही. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. बिअरला लागतं ते मादी वेलीचं फूल. हिरवं, पाकळ्यांवर पाकळ्या असलेलं, लहानशा कणसासारखं. ते हातात घेऊन उभं फाडलं, की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी दिसते. हळदीची चिमूट पडावी तशी. तिला ल्युप्युलिन म्हणतात. सगळा कारभार या भुकटीत आहे. बोटांवर चोळली की बोटं चिकट होतात आणि वास दिवसभर जात नाही.

ही वेल थंड हिवाळा आणि उन्हाळ्यातले लांब दिवस मागते. म्हणून ती साधारण ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात चांगली येते. जर्मनीत येते, इंग्लंडात येते. अमेरिकेतलं बहुतेक पीक वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात निघतं आणि त्याखालोखाल आमच्या ऑरेगनात आणि आयडाहोत. भारतात हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात ती थोडीफार लावली गेली आहे. आपलं दर्यापूर २१ अक्षांशाच्या आसपास, उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात. चंद्रभागेच्या काठी हॉप लावायचा बेत कोणाच्या मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. आपली तूर आणि कपाशी बरी.

बिअरची मूळ कृती थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जवाला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात तासभर ठेवलं की पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून घेऊन उकळतात. उकळताना हॉप घालतात. मग काढा थंड करून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. एक-दोन आठवड्यांत आंबवण संपते.

हॉप नसेल तर काय होईल? काढा गोड, आणि आंबल्यावर सपक. हॉपमुळे त्याला कडूपणा येतो, त्याने गोडी तोलली जाते. शिवाय हॉपमधली कडू द्रव्यं काही जातींच्या जीवाणूंना वाढू देत नाहीत. त्यात दही लावणाऱ्या जीवाणूंचे नातेवाईक येतात. म्हणून हॉप घातलेली बिअर लवकर आंबट होत नाही. जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या साध्वीने बाराव्या शतकात हॉपच्या या गुणाबद्दल लिहून ठेवलं आहे. १५१६ साली बव्हेरियात नियमच झाला, की बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांशिवाय काही घालायचं नाही.

आता मूळ मुद्दा. ल्युप्युलिनच्या त्या चिमूटभर पिवळ्या भुकटीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक राळ आणि एक तेल. राळेतून कडूपणा येतो, तेलातून सुगंध. आणि या दोघांचा स्वभाव एकमेकांच्या उलटा आहे.

राळेत अल्फा आम्ल नावाची द्रव्यं असतात. वाणाप्रमाणे फुलाच्या वजनाच्या ३ ते १५ टक्के. ही मूळ रूपात पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि फार कडूही नसतात. पण काढा उकळत ठेवला की त्यांच्या रेणूची मांडणी बदलते. अणू तेवढेच, संख्या तीच, फक्त जोडणी वेगळी. सर, तुम्ही फळ्यावर ब्युटेन आणि आयसोब्युटेन काढून समघटक शिकवले होते. आमच्यापैकी अर्ध्यांनी ते पाच गुणांसाठी पाठ केलं. तेच हे. अल्फा आम्लाचं आयसो-अल्फा आम्ल होतं, ते विरघळतं आणि ते कडू लागतं. याला वेळ लागतो. तासभर उकळलं तरी घातलेल्या अल्फा आम्लापैकी साधारण पाव हिस्सा ते तीस टक्केच काढ्यात उतरतं. म्हणून कडूपणासाठीचा हॉप उकळीच्या सुरुवातीलाच घालतात.

तेलाचं गणित निराळं. तेल फुलाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापासून तीनेक टक्क्यांपर्यंत. त्यात शेकडो द्रव्यं, पण त्यातल्या कित्येकांना तुम्ही नाकाने ओळखता. मिर्सीन गवती चहात आहे आणि आंब्यातही आहे. लिनालूल धन्यात आहे, धने भाजताना जो गोडसर वास येतो त्यातला मोठा वाटा त्याचा. कॅरिओफिलिन काळ्या मिऱ्यात आणि लवंगेत आहे. जिरॅनिऑल गुलाबात आहे, आणि आपल्या सातपुड्यातल्या रोशा गवताच्या तेलाचा तर तो मुख्य घटक आहे. म्हणजे हॉपचं फूल आपल्याकडे उगवत नसलं, तरी त्याच्या सुगंधाची भावंडं आपल्या स्वयंपाकघरात आणि मेळघाटच्या उतारांवर आहेतच.

रोशाचं तेल काढतात कसं? भट्टीवरच्या भांड्यात गवत आणि पाणी घालून तापवतात. वाफेबरोबर तेल वर येतं, ती वाफ नळीतून नेऊन थंड करतात आणि पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं करतात. मिर्सीनचा उत्कलनबिंदू १६० अंशांच्या वर आहे, तरी ते शंभर अंशांच्या वाफेच्या पाठीवर बसून निघून येतं. आता उघड्या पातेल्यात हॉप तासभर उकळला तर काय झालं? आपण रोशाची भट्टीच चालवली, फक्त नळी लावली नाही. तेल वाफेबरोबर गॅरेजभर झालं. शेजारचे म्हणतात, "काय छान वास सुटलाय!" पण जो वास घरभर सुटला तो भांड्यातून गेला. प्यायला बसाल तेव्हा पेल्यात कडूपणा राहिलेला असतो.

हे आपल्या आयांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. भाजी शिजून गॅस बंद झाल्यावर वरून सांबार घालतात. पुण्या-मुंबईच्या सुनांसाठी सांगतो, सांबार म्हणजे आपल्या वऱ्हाडात कोथिंबीर. तो सांबार वांग्याबरोबर अर्धा तास शिजवला, तर भाजीत काळपट काड्या दिसतात, बाकी काही नाही. गवती चहा आधी घालून चहा खळाखळा उकळणाऱ्याला घरात कोणी ना कोणी टोकतंच.

तर हॉपचा जास्तीचा सुगंध हवा असेल तर सगळी युक्ती 'कधी घालायचा' यात आहे. जसजसं उशिरा घालाल आणि जसजसं थंड असेल, तसतसा कडूपणा कमी आणि सुगंध जास्त. याच्या चार पायऱ्या मी सांगतो. माझं एक पातेलं १९ लिटरचं असतं, आकडे त्या हिशेबाने घ्या.

पहिली पायरी उकळीच्या शेवटची. ६० मिनिटांच्या उकळीत सुरुवातीला कडूपणापुरता १५-२० ग्रॅम हॉप घातलेला असतो. शेवटच्या दहा मिनिटांत आणखी २५-३० ग्रॅम. यातून थोडी चव येते, थोडा वास राहतो.

दुसरी पायरी आच बंद केल्यावरची. काढा ८० अंशांपर्यंत निवू द्यायचा, मग ५० ग्रॅमच्या आसपास हॉप घालून, ढवळून, झाकण ठेवून वीस ते तीस मिनिटं तसंच. ८० अंशांना रेणूची ती मांडणी बदलायचा वेग खूपच मंदावतो, आणि वाफ नसल्याने तेलही फार उडत नाही. माझ्या मते हौशी माणसाला सर्वांत जास्त फळ देणारी पायरी ही.

तिसरी पायरी गाळण्याची. गरम काढा थंड करायच्या यंत्राकडे जाताना एका बंद डब्यातून नेतात, डब्यात सुकी फुलं गच्च भरलेली. काढा फुलांमधून झिरपतो, वास उचलतो आणि लगेच थंड होतो, म्हणून तो वास आत कोंडला जातो. आपल्याकडची साऊथची फिल्टर कॉफी ज्या तत्त्वावर होते, त्याच्या जवळचं हे.

चौथी पायरी सगळ्यांत उशिराची आणि सगळ्यांत प्रसिद्ध. आंबवण बहुतेक संपल्यावर, थंड बिअरमध्ये सुका हॉप तसाच सोडायचा. याला तिकडे 'ड्राय हॉपिंग' म्हणतात. लिटरला ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे माझ्या पातेल्याला ६० ते १०० ग्रॅम. उकळ नाही, आच नाही. तेल हळूहळू बिअरमध्ये उतरतं. त्यात असलेलं अल्कोहोल त्याला मदतही करतं.

ही चौथी पायरी मी तिकडच्या मंडळाच्या बैठकीत पहिल्यांदा ऐकली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हॉप आलाच नाही. वाळा आला. चैत्र लागला की बनोशाच्या बाजारातून वाळ्याची जुडी आणायची, धुवायची, दोऱ्याने बांधायची आणि माठात सोडायची. वाळा कोणी उकळत नाही. गार पाण्यात रात्रभर मुळं पडून राहतात आणि सकाळी तांब्यात पावसाचा वास येतो. वर्गातल्या एकाही घराला हे नवं नव्हतं. जे तिकडे लोक पुस्तकं वाचून शिकतात, ते आपल्याकडे माठ करत होता. फरक एवढाच, की वाळ्याचं तेल जड आहे, ते टिकतं, म्हणून एकच जुडी धुऊन-वाळवून बरेच दिवस चालते. हॉपचं तेल हलकं, चंचल. ते एकदाच.

इथे इतिहासाचा एक धागा आपल्या वऱ्हाडाजवळून जातो. अठराव्या शतकाच्या शेवटापासून लंडनच्या हॉजसन यांच्या ब्रूअरीतून फिकट रंगाची बिअर पिंपांतून हिंदुस्थानात यायची. महिनोन् महिने समुद्र, वाटेत विषुववृत्ताचं ऊन. ती टिकावी म्हणून हॉप जास्त, आणि पिंप भरताना वरून आणखी मूठभर सुका हॉप. पुढे तिचं नावच पडलं इंडिया पेल एल. आज जगभर 'आयपीए' म्हणून जी विकतात तिचं नाव तिथून आलं. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला आणि पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडकल्यावर आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. म्हणजे एका बाजूने मुंबईच्या बंदरात ही हॉपवाली पिंपं उतरत होती आणि दुसऱ्या बाजूने आपल्या कापसाच्या गाठी लँकेशायरच्या गिरण्यांसाठी चढत होत्या. कास्तकाराने बिअर पाहिलीही नसेल, पण जहाजांची ये-जा एकाच व्यापाराची होती.

गेल्या पन्नास वर्षांत हा सुगंध पुन्हा पुढे आला तो आमच्या ऑरेगनातून. १९७२ साली तिथल्या सरकारी संशोधकांनी 'कॅस्केड' नावाचा वाण बाहेर काढला. त्याचा वास संत्र्या-पपनशाच्या ताज्या सालीसारखा. वरुड-मोर्शीकडचं संत्रं सोलताना सालीतून जे तुषार उडतात आणि डोळ्यांत जातात, त्या वासाच्या जवळ जाणारा. कॅलिफोर्नियातल्या छोट्या ब्रूअऱ्यांनी तो वाण उचलला. अँकरने १९७५ मध्ये आणि सिएरा नेवाडाने १९८० मध्ये कॅस्केडच्या सुगंधावर उभ्या राहणाऱ्या बिअर काढल्या, आणि तिथून पुढे 'कडू की सुवासिक' हा वाद घराघरांतल्या पातेल्यांपर्यंत गेला.

आता काही पथ्यं सांगतो, कारण जास्त हॉप म्हणजे जास्त सुगंध असा सरळ हिशेब नाही.

एक, वेळ. थंड बिअरमध्ये हॉप तीन-चार दिवस पुरे. त्यानंतर सुगंध फारसा वाढत नाही, उलट पानांचा हिरवट, ओल्या कडब्यासारखा वास उतरू लागतो.

दोन, हवा. आंबवण सुरू झाल्यावर बिअरचा सर्वांत मोठा वैरी प्राणवायू. झाकण उघडून ढवळलं की पंधरा दिवसांत हॉपचा ताजा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. म्हणून हॉप घालून लगेच झाकायचं, पुन्हा हात लावायचा नाही.

तीन, उजेड. आयसो-अल्फा आम्लांवर ऊन पडलं की त्यातून गंधकाचं एक द्रव्य तयार होतं, त्याला स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखा वास येतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठी.

चार, दाब. हॉपमध्ये पिष्टमय पदार्थ तोडणारी विकरं असतात. आंबवण संपली असं वाटतं, पण सुका हॉप घातल्यावर ही विकरं उरलेल्या मोठ्या साखरा तोडतात, झोपलेली यीस्ट उठते आणि पुन्हा वायू सुटतो. घाईने बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात. म्हणून घनतामापीने दोन-तीन दिवसांच्या अंतराने मोजायचं. आकडा हलेनासा झाला, की मग भरायचं. सर, तुमच्या प्रयोगशाळेतल्या दुधाच्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ.

पाच, साठवण. हॉपची फुलं हवाबंद पाकिटात, फ्रीजरमध्ये. उन्हाळ्यात उघडं ठेवलेलं तिखट जसं रंग आणि वास सोडतं, तसंच हॉपचं.

आणि सहावं, घरात कुत्रा असेल तर वापरलेला हॉप चुकूनही उघड्यावर टाकायचा नाही. कुत्र्याच्या पोटात गेला तर अंगाचा ताप इतका वाढतो की जीव जातो.

एवढं ऐकल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल, की १९ लिटरच्या एका पातेल्यामागे सहा तासांची उभी मेहनत, महिनाभराची वाट आणि वहीभर नोंदी असतात. आमच्या मंडळातले निम्मे लोक प्यायला कमी आणि मोजायला जास्त येतात. पण मैत्रिणीच्या पहिल्या प्रश्नाला याची ढाल करणार नाही. कोणतीही बिअर, कितीही सुवासिक, अल्कोहोलच असते. सुगंधाने तिचं एक टक्कासुद्धा कमी होत नाही. उलट छान वासाची गोष्ट माणूस सहज जास्त पितो. माझ्या घरी महिन्यातून दोन पातेली होत होती, ती मी एकावर आणली. आणि त्याच हॉपची चौथी पायरी आता साध्या थंड पाण्यात करतो. उकळून गार केलेल्या पाण्यात अगदी थोडा हॉप, एक रात्र, गाळून घेऊन सोड्याच्या यंत्रातून वायू भरायचा. हॉपचं पाणी. अल्कोहोल शून्य, वास तोच. माझ्या घरी येणाऱ्या पाहुण्यांत आता त्याचीच मागणी जास्त आहे. मला जो छंद होता तो सुगंध पकडण्याचा होता, हे मला त्या पाण्याने दाखवलं. आपल्या त्या मित्राकडे जे होतं तो छंद नव्हता, तो आजार होता. त्यावर डॉक्टरांची मदत असते, आणि ती वेळेत घ्यावी लागते. दोन्ही गोष्टींना एकाच शब्दाने हाक मारून आपण त्याच्याविषयी बोलायचं टाळलं. निदान यापुढे ग्रुपवर कोणी गप्प झाला, मेळाव्यांना येईनासा झाला, तर त्याच्या घरी जाऊन बसायला हवं, एवढं मला इथे म्हणायचं आहे.

आता दुसरा प्रश्न. पोरांना दाखवता येईल असं काय? याच्यासाठी एक प्रयोग लिहून आणला आहे. हॉप नको, काही विकत आणायला नको.

तीन सारखी पातेली, प्रत्येकात एक लिटर पिण्याचं पाणी. तीन वेळा गवती चहाची दहा-दहा ग्रॅम चिरलेली पानं. पहिल्यात पानं घालून अर्धा तास उघडं उकळायचं. दुसऱ्यात पाणी आधी उकळायचं, आच बंद करायची, मग पानं घालून दहा मिनिटं झाकायचं. तिसऱ्यात गार पाण्यातच पानं घालून, झाकून, रात्रभर माठाशेजारी. सगळं गाळायचं, निवू द्यायचं. पहिल्यातलं जेवढं पाणी उडालं तेवढं घालून तिन्ही पुन्हा एक-एक लिटर करायची. पेल्यांवर फक्त क ख ग लिहायचं. कोणता पेला कशाचा हे एकाच मुलाला माहीत असावं, आणि त्याने बोलायचं नाही. बाकीच्यांनी आधी हुंगायचं, वहीत लिहायचं, मग घोट घ्यायचा, पुन्हा लिहायचं.

यातला सर्वांत बोलका भाग पहिल्या पातेल्याचा आहे. ते उकळत असताना वर, वाफेच्या वाटेत, थंड पाणी भरलेला स्टीलचा गडवा चिमट्याने तिरपा धरायचा. हे काम शिक्षकांनी करायचं, वाफेने हात भाजतो. गडव्याच्या बुडाला थेंब जमतील ते वाटीत गोळा करायचे आणि पोरांना हुंगायला द्यायचे. पातेल्यातून गेलेला गवती चहा त्या वाटीत सापडेल. वाफ, संघनन, ऊर्ध्वपातन, सगळं एका वाटीत. मग हाच प्रयोग संत्र्याच्या सालीवर करावा, आणि एकदा वाळ्यावर. वाळा उकळलेला आणि वाळा माठातला, दोन्ही पेले समोर ठेवून पोरांनाच ठरवू द्यावं, की आजी माठाशेजारी शेगडी का मांडत नव्हती.

सर, तुमचा एक नियम होता, निरीक्षण आधी लिहा, निष्कर्ष नंतर. मी पहिल्यांदा काय होईल हे मुद्दाम तक्त्यात लिहिलेलं नाही. उजवीकडचा रकाना रिकामा ठेवला आहे. तक्त्याच्या तीस प्रती आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत देऊन जातो आहे, आणि एक गठ्ठा आपल्या त्या मैत्रिणीच्या शाळेसाठी. तिने काल रात्री ग्रुपवर लिहिलं, "गवती चहा आमच्या शाळेच्या मागंच लावला हाय, वाळा तेवढा आणजो." सकाळी बनोशाच्या बाजारातून दोन जुड्या घेतल्या आहेत. त्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्याला हुंगायच्या असतील त्याने जेवणाआधी हुंगाव्या, कारण जेवणानंतर त्या तिच्या पिशवीत जाणार आहेत.